सह्याद्रीचे पाणी आणि मुंबईचा दिवा

सह्याद्रीच्या माथ्यावर आषाढ-श्रावणात जो पाऊस कोसळतो, त्याची निसर्गाने मोठ्या विलक्षण रीतीने वाटणी करून ठेवली आहे. कड्याच्या पश्चिमेस पडलेले पाणी कोकणात उतरून लागलीच अरबी समुद्रास मिळते. त्याच्यापासून चार पावलांवर, पूर्वेच्या बाजूस पडलेले पाणी मात्र जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवते. इंद्रायणी, भीमा, कृष्णा अशा एकीतून दुसरीत शिरत, अर्धा भारत ओलांडून ते बंगालच्या उपसागरास जाऊन मिळते. लोणावळ्याहून पश्चिम समुद्र अवघ्या पन्नास-साठ किलोमीटरांवर आहे. पण तेथील इंद्रायणीच्या पाण्याने हजारांहून अधिक किलोमीटरांची यात्रा पत्करलेली असते.

या पूर्ववाहिनी पाण्यास घाटमाथ्यावरच अडवावे, डोंगर फोडून त्यास पश्चिमेकडे वळवावे आणि कड्यावरून खाली सोडून त्याच्या वेगातून वीज काढावी, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्यक्षात उतरू लागली, आणि तिच्यापासूनच पश्चिम भारतातील विजेचा खरा इतिहास सुरू होतो. वीज कशी निर्माण होते हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे. ती कोणाच्या पदरचे घेऊन येते आणि कोणाच्या घरी उजेड पाडते हा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे. या लेखात आम्ही विचार करणार आहोत तो मुख्यत्वेकरून या दुसऱ्या प्रश्नाचा.

भारतात पाण्यापासून वीज काढण्याचा पहिला प्रयत्न सह्याद्रीत झाला नाही. तो मान हिमालयाकडे जातो. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १८९७ साली एक लहानसे वीजघर सुरू झाले. त्याची शक्ती अवघी १३० किलोवॅट, म्हणजे आजच्या एखाद्या मोठ्या इमारतीस जेमतेम पुरेल एवढी होती. १८९९ साली कलकत्त्यात कोळशावर चालणारे वीजघर उभे राहिले. १९०२ साली म्हैसूर संस्थानाने कावेरीच्या शिवसमुद्रम् येथील धबधब्यावर वीज निर्माण केली, आणि ती सुमारे १४७ किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे नेली. त्या काळी इतक्या लांब वीज वाहून नेणे हा जगातील एक मोठा पराक्रम समजला जाई, आणि तो होताही. परंतु या पराक्रमातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कावेरीची वीज प्रथम गेली ती विलायती कंपनीच्या खाणींकडे. त्याच संस्थानातील बंगलोर शहराच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागावयास १९०५ साल उजाडले. वीज आपल्या उगमापाशी थांबत नाही. जेथे तिचे मोल देणारा असेल तेथे ती धाव घेते. हा नियम पहिल्या पाच-सात वर्षांतच दिसून आला, आणि पुढील शंभर वर्षांत त्यास अपवाद थोडेच झाले.

मुंबईची गोष्ट याहून काहीशी निराळी आहे. तेथे १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले होते. पण ते लावणारी कंपनी लवकरच बुडाली. पुढे ७ मे १९०७ रोजी शहरात विजेची ट्राम धावू लागली. परंतु मुंबईचे जीवित ज्यांच्यावर अवलंबून होते त्या कापडगिरण्या अद्याप वाफेवरच चालत होत्या. त्या वाफेसाठी लागणारा कोळसा दूरदूरच्या खाणींतून आगगाडीने वा आगबोटीने आणावा लागे. त्याचा खर्च गिरणीमालकास जाचे, आणि त्याचा धूर गिरणगावातील चाळींत राहणाऱ्या कामगारांच्या छातीत भरे. मुंबईपाशी कोळसा नव्हता. पण पाठीशी सह्याद्री होता. डेव्हिड गॉस्टलिंग नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने घाटमाथ्यावरील पाण्याची ही कल्पना जमशेटजी टाटा यांच्यापुढे मांडली, आणि त्यांनी ती उचलून धरली. १९०४ साली जमशेटजी वारले. त्यांच्या पश्चात त्यांच्या पुत्रांनी १९१० साली कंपनी स्थापन केली. भांडवल बहुतांशी देशातूनच, व्यापाऱ्यांकडून व संस्थानिकांकडून उभे राहिले. १९११ च्या फेब्रुवारीत मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्याजवळ वळवण येथे धरणाचा पाया घातला गेला, आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून सुमारे ७० किलोमीटर तारांवरून वीज मुंबईत परळला पोहोचली.

या योजनेचे मर्म समजून घेतल्यावाचून पुढील इतिहास नीट उमगणार नाही. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहितो. पाण्यातून मिळणारी वीज दोन गोष्टींवर अवलंबून असते. पाणी किती आहे, आणि ते किती उंचीवरून पडते. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी, पाचशे मीटर खाली आणून चक्रावर सोडले तर त्यातून सव्वा युनिटाच्या आसपास वीज मिळते. तेच पाणी पन्नास मीटरांवरून पडले तर तेवढ्याच विजेसाठी दसपट पाणी लागेल. सह्याद्रीतील नद्या गंगा-ब्रह्मपुत्रांच्या मानाने अगदी लहान. पण खोपोलीस पाणी लोखंडी नळांतून पाचशे मीटरांहूनही अधिक खोल उतरते, आणि या उंचीमुळे लहान नद्यांतूनही मोठी शक्ती हाती येते. अडचण एवढीच की सह्याद्रीवरील पाऊस चार महिन्यांचा पाहुणा, आणि गिरण्या मात्र बारा महिने चालावयाच्या. सबब चार महिन्यांचे पाणी आठ महिने पुरेल अशा बेताने साठवणे प्राप्त झाले. साठवावयाचे तर सपाट तळाचे, भोवती डोंगर असलेले खोरे पाहिजे. अशी खोरी सह्याद्रीच्या पूर्व अंगास पुष्कळ आहेत. त्यांचेच नाव मावळ. आणि त्या मावळांच्या तळाशी भाताची खाचरे, देवळे व गावे होती.

आंद्रा नदीवर धरण बांधून १९२२ साली भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. तिसरी योजना मुळशीची. नीळा व मुळा या नद्यांच्या संगमाखाली धरण बांधून ते पाणी कोकणातील भिरा येथे सोडावयाचे, असा बेत होता. या खोऱ्यातील पन्नासाहून अधिक गावांस व दहा-अकरा हजार माणसांस त्याची झळ लागणार होती. शेतकऱ्यांची संमती न विचारता त्यांच्या शेतांत चाचणीचे खड्डे खणले जाऊ लागले, तेव्हा लोकांस या बेताचा खरा अर्थ कळला. जमीन घेण्यासाठी १८९४ चा भूसंपादन कायदा हाताशी होताच. कंपनी खासगी, पण काम सार्वजनिक हिताचे असे ठरवून सरकार तिच्यासाठी जमीन संपादून देत होते.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचे शेकडो मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले व त्यांनी काम थांबविले. धरणाविरुद्ध झालेला हा जगातील पहिला संघटित लढा होय, असे अभ्यासक मानतात. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव हिंडून तो उभा केला. पुण्याच्या पत्रकारांनी व पुढाऱ्यांनी त्यास पाठिंबा दिला. गांधीजींनीही ‘यंग इंडिया’त लिहून शेतकऱ्यांची बाजू कंपनीपुढे मांडली. आणि पांडुरंग महादेव बापट या लढ्यात असे समरस झाले की ‘सेनापती’ ही पदवी त्यांच्या नावास कायमची चिकटली. हेच बापट तरुणपणी यंत्रविद्या शिकण्यासाठी शिष्यवृत्तीवर एडिंबरोस गेले होते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. मुळशीचा लढा म्हणजे यंत्रास भिणाऱ्या अडाण्यांचा कांगावा, असा आक्षेप त्या काळी घेतला जाई. परंतु लढ्याच्या अग्रभागी असलेल्या पुरुषास यंत्र काय करू शकते हे विरोधकांइतकेच ठाऊक होते.

काही काळ काम थांबले. मग पुन्हा सुरू झाले. शेकडो सत्याग्रही तुरुंगात गेले. त्यांत स्त्रियाही होत्या. तथापि लढा आतून पोखरत चालला होता. खोऱ्यातील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे होती. कसणाऱ्या कुळाचे नाते जमिनीशी, तर सावकाराचे तिच्या किमतीशी. नुकसानभरपाई बऱ्यापैकी मिळते असे दिसताच सावकारांचा उत्साह मावळला. १९२४ च्या अखेरीस बापटांनी मोजक्या सहकाऱ्यांनिशी प्रकल्पाची रेल्वेगाडी अडवून शस्त्र चालविले. त्यापायी त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली, आणि लढा संपला. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. मुळशीची खाचरे पाण्याखाली गेली ती गेलीच.

आता या प्रकरणाचा न्याय कसा करावा? टाटांस केवळ धनलोभी ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही. परकीय सत्तेखाली, देशी भांडवलावर, कोळशाच्या धुरावाचून एका महानगरास शक्ती पुरविण्याचा तो उपक्रम होता. शंभर वर्षांनंतरही तीच वीजघरे तेच पाणी फिरवीत आहेत, यावरून त्याची दूरदृष्टी सिद्ध होते. एवढेच नव्हे तर, वीजघरांतून बाहेर पडलेले पाणी पाताळगंगा, उल्हास व कुंडलिका या नद्यांत मिसळते आणि कोकणातील शहरांच्या व कारखान्यांच्या उपयोगी पडते. उल्हासेच्या काठची कित्येक शहरे आज त्यावर विसंबून आहेत.

परंतु मावळ्यांचे म्हणणे खोटे होते असेही कोणास म्हणता येणार नाही. विजेला त्यांचा विरोध नव्हता. आपल्या संमतीवाचून आपले सर्वस्व घेतले जाऊ नये, आणि घेतलेच तर जमिनीच्या मोबदल्यात जमीन मिळावी, अशी त्यांची साधी मागणी होती. पैसा हाती आला तरी पिढ्यान्‌पिढ्या भात पिकविणाऱ्या माणसाने त्याचे काय करावयाचे? सार्वजनिक हित हा शब्द त्या कायद्यात होता. पण ज्याचे घर बुडते तोही त्या सार्वजनिकांतलाच एक आहे, ही गोष्ट कायदा करणाऱ्यांच्या ध्यानी आली नव्हती. आमच्या मते मुळशीत दोन सत्ये एकमेकांसमोर उभी होती. त्यांतील एकामागे सरकार होते आणि दुसऱ्यामागे कोणी नव्हते, म्हणून निकाल लागला.

देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास विजेकडे पाहण्याची दृष्टी पालटू लागली होती. या पालटात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा वाटा मोठा आहे. परंतु त्याची आठवण क्वचितच काढली जाते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि वीज व पाटबंधारे हे विषय त्यांच्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विद्युत्‌विषयक धोरणसमितीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी प्रतिपादिले की औद्योगिकीकरणावाचून भारतीय जनतेची दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही, आणि स्वस्त व मुबलक विजेवाचून औद्योगिकीकरण नाही. टाटांच्या दृष्टीने वीज हा गिरण्यांचा खर्च कमी करण्याचा मार्ग होता. आंबेडकरांच्या दृष्टीने ती गरिबाच्या मुक्तीचे साधन होती. हा भेद लहान नाही. १९४७ साली साऱ्या भारताची वीजनिर्मितीची शक्ती १,३६२ मेगावॅट होती, आणि दरमाणशी वर्षाला सोळा-सतरा युनिटांहून अधिक वीज वाट्यास येत नव्हती. १९४८ साली वीजपुरवठ्याचा नवा कायदा झाला, राज्याराज्यांतून वीजमंडळे निघाली, आणि त्याच वर्षी दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले.

महाराष्ट्रात या नव्या युगाचे प्रतीक म्हणजे कोयना. कल्पना जुनीच, पूर्वेस जाणारे पाणी पश्चिमेस वळवावयाचे. पण तिचे प्रमाण थोर. सातारा जिल्ह्यात १०३ मीटर उंचीचे धरण, त्यामागे शंभर टीएमसीहून अधिक पाण्याचा शिवसागर, आणि डोंगराच्या पोटात खोदलेले पोफळीचे वीजघर. १९६२ साली तेथे वीज निर्माण होऊ लागली. १९९९ साली व पुन्हा २०१२ साली भरलेल्या जलाशयाच्या तळास भोक पाडून पाणी बोगद्यात घेण्याचे अवघड काम आपल्या अभियंत्यांनी यशस्वी केले. टप्प्याटप्प्याने कोयनेची शक्ती १,९०० मेगावॅटांच्या वर गेली. महाराष्ट्राचे उद्योग उभे राहिले त्यांत या एका नदीचे ऋण केवढे आहे हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आणि तरीही मुळशीचा प्रश्न येथेही उपस्थित झालाच. फरक इतकाच की आता जमीन घेणारे सरकार आपलेच होते. कोयनेच्या खोऱ्यातील हजारो कुटुंबे दूरदूरच्या जिल्ह्यांत पांगली, आणि कित्येकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अर्धशतक उलटून गेल्यावरही सुटला नव्हता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरले. पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. धरणास तडे गेले व ते पुढे भक्कम करावे लागले. जलाशय भरल्यानंतर त्या प्रदेशात भूकंपाचे धक्के वाढले, आणि जलाशयामुळे चाळविल्या जाणाऱ्या भूकंपांचे जगातील प्रमुख उदाहरण म्हणून शास्त्रज्ञ आज कोयनेकडे बोट दाखवितात. पूर्वेकडील राज्यांनीही आपल्या पाण्याचा हिशेब मागितला. कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेतून पश्चिमेस वर्षाकाठी ६७.५ टीएमसी, म्हणजे साडेसदुसष्ट अब्ज घनफूट, एवढ्याच पाण्याची मर्यादा घातली. मुळशीचे पाणी वीजघराकडे न सोडता भीमेच्या दुष्काळी खोऱ्यास द्यावे, अशी मागणी अलीकडे होते तीही याच हिशेबाचा भाग आहे.

मात्र मुळशीच्या मावळ्यांचा लढा अगदी वाया गेला असे आम्हांस वाटत नाही. १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पामुळे उठविल्या जाणाऱ्या लोकांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. देशात या विषयावर असा कायदा करणारे हे पहिले राज्य. २०१३ साली केंद्रानेही १८९४ चा जुना कायदा बाजूस सारून नवा केला, आणि खासगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर शंभरांतील ऐंशी बाधित कुटुंबांची संमती हवी, असे त्यात घातले. १९२१ साली मुळशीच्या धरणावर जे मागितले गेले, ते कायद्यात उतरण्यास ब्याण्णव वर्षे लागली. अंमल कसा होतो हा प्रश्न निराळा. पण तत्त्व मान्य झाले, हा विजय थोडा नव्हे.

पाण्यानंतर कोळसा पुढे आला. वर्धा खोऱ्यातील खाणींलगत चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र १९८३ पासून उभे राहत गेले, आणि १९९९ साली तेथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५२ किलोमीटरांची उच्चदाबाची वाहिनी सुरू झाली. राख व धूर चंद्रपूरच्या वाट्यास, आणि वीज पश्चिमेकडे. तारापूरला १९६९ साली देशातील पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले. त्याच्या विस्तारासाठी पुढे अक्करपट्टी व पोफरण या गावांस उठावे लागले. शक्तीचे उगम पालटले, वाहिनी लांबली, पण देणाराचे व घेणाराचे नाते शिवसमुद्रम् येथे दिसले तसेच राहिले.

२०२५ साली भारताची स्थापित वीजशक्ती पाच लक्ष मेगावॅटांच्या पुढे गेली. १९४७ च्या मानाने ही वाढ साडेतीनशे पटींहून अधिक आहे. सूर्य व वारा यांचा भाग त्यात झपाट्याने वाढत आहे, जरी प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश अद्याप कोळशाचीच आहे. परंतु सूर्य सायंकाळी मावळतो, आणि घरोघरी दिवे तर त्याच वेळी लागतात. म्हणून दिवसाच्या विजेने पाणी डोंगरावर चढवावयाचे व रात्री ते खाली सोडून वीज परत घ्यावयाची, अशा योजना पुढे येत आहेत. अशा योजनेस काय लागते? उंच कडा, आणि त्याच्या माथ्यावर व पायथ्याशी पाणी साठविण्यास जागा. म्हणजे पुन्हा सह्याद्रीच. २०२३ साली भिवपुरी व शिरवता येथे मिळून २,८०० मेगावॅटांच्या अशा प्रकल्पांचा करार महाराष्ट्र सरकार व टाटांची कंपनी यांत झाला. शंभर वर्षांपूर्वी जेथून आरंभ झाला त्याच डोंगरांपाशी इतिहास पुन्हा येऊन पोहोचला आहे.

म्हणून मुळशीची आठवण ही केवळ जुन्या शौर्याची कथा नाही. तो उद्याच्या व्यवहाराचा दाखला आहे. नवे प्रकल्प व्हावेत. अंधारात राहून कोणाचे कल्याण झालेले नाही, आणि धुरात राहूनही होणार नाही. पण ज्या कड्याची उंची आपण विकत घेतो, त्या कड्याच्या माथ्यावर माणसे राहतात. त्यांस योजनेची माहिती आधी मिळावी, त्यांची संमती खरी असावी, जमिनीस जमीन मिळावी, आणि त्यांच्या पाण्यातून जी शक्ती उत्पन्न होते तिच्या लाभात त्यांचा काही कायमचा वाटा असावा. असा वाटा ठेवल्याने विजेचा दर युनिटामागे थोडाफार वाढेल हे खरे. परंतु जो खर्च आजवर मावळातल्या शेतकऱ्याने मुकाट्याने भरला, त्यातला अंश आपण आपल्या देयकात भरावयाचा, इतकाच त्याचा अर्थ. बटण दाबताच दिवा लावून देणाऱ्या या शक्तीने आपल्याला पुष्कळ दिले आहे. ते कोणाच्या घरून आले, एवढे विचारण्याची सवय सुशिक्षित कुटुंबांनी लावून घेतली, तर मुळशीचा तो हिशेब, उशिरा का होईना, चुकता होऊ लागेल.